रऊफभाई तीन दिवस ऑनलाइन होते

रऊफभाई गेल्याची बातमी मला एका अनोळखी नंबरवरून आली, आणि मी ती खोटी ठरवली. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले काही आठवडे मनातून जात नाही ते हेच.

संध्याकाळ होती. देवापाशी दिवा लावून मी फोन हातात घेतला तर मेसेज होता : 'शेख रऊफ साहब का आज दोपहर इंतकाल हो गया. मिट्टी कल सुबह दस बजे, नेर.' खाली नाव नाही. मी त्या नंबरवर फोन लावला, रिंग जात राहिली, कोणी उचलला नाही. मग रऊफभाईंनीच शिकवलेलं केलं. ते सांगायचे, "घाबरवणारा मेसेज आला तं पाठवणाऱ्याच्या मागं नको धावू. ज्याच्याबद्दल आहे त्यालेच विचार." मी त्यांना फोन केला. तोही उचलला नाही, पण दुकानात असले की ते फोनचा आवाज बंद ठेवत हे मला माहीत होतं. म्हणून लिहिलं, 'रऊफभाई, तुमच्या नावानं कोणीतरी वाईट मेसेज फिरवून राह्यलं. तुम्ही बरे आहात ना?' पाठवलं आणि बघत बसले. वर त्यांच्या नावाखाली 'ऑनलाइन' असं दिसत होतं. माझ्या मेसेजखालच्या दोन खुणा तेवढ्यात निळ्या झाल्या. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. मेलेला माणूस वाचतो का?

जीव भांड्यात पडला. आमच्या तांड्यातल्या बायांचा एक ग्रुप आहे, त्यावर हीच बातमी कोणीतरी टाकली होती. मी खाली लिहिलं, 'खोटी बातमी आहे. पुढे पाठवू नका. मी स्वतः खात्री केली.' सकाळी नेरला जायला चार-पाच माणसं निघाली होती, ती माझ्या शब्दावर थांबली. सकाळी मी रऊफभाईंना आणखी एक मेसेज केला, तोही लगेच निळा झाला. उत्तर नाही. दहा वाजता, त्यांना मातीत ठेवत होते तेव्हा, मी अंगणवाडीत एका तान्ह्या बाळाचं वजन घेत होते.

मी आशा सेविका. आमचा तांडा बोरी अरबच्या पुढे, दारव्हा तालुक्यात, पण आमचा बाजारहाट जास्त नेरला. रऊफभाईंचं दुकान नेरच्या बसस्टँडपासून पाच मिनिटांवर, घराचीच पुढची खोली, तिला रस्त्याच्या बाजूनं शटर. आधी तिथं ते रेडिओ आणि टेप दुरुस्त करत. मग टीव्ही, मग मोबाइल, आणि शेवटी दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर असं करत ते फॉर्म भरून देणारं दुकान झालं. आम्हा आशांना मोबाइलवर माहिती भरायचा हुकूम आला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. मला फोन उचलणं आणि ठेवणं एवढंच येत होतं. त्यांनी माझा फोन घेतला नाही, माझ्याच हातात राहू दिला. "मी करून देल्लं तं मले येईल, तुले नाही येणार," म्हणाले. पन्नाशी ओलांडलेली, कानावर रेडिओचे स्क्रू पिळायचा पेचकस अडकवायची जुनी सवय, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आमचं.

इंग्रजी शब्दांची मला भीती वाटायची. ओटीपी, पासवर्ड, लिंक, व्हायरस... कागदावर लिहिलेले मंत्र असावेत तसे ते वाटत, उच्चार चुकला तर काहीतरी व्हायचं. रऊफभाईंनी त्या मंत्रांची माती केली. ओटीपी म्हणजे काय, मी विचारलं. ते म्हणाले, "कापूस खरेदी केंद्रावर टोकन भेटते ना? एका गाडीचं, एका दिवसाचं. तू आपलं टोकन दुसऱ्याले देल्लं तं त्याची गाडी आत जाते, तुही बाहेर राह्यते. सहा आकडे म्हणजे तेच टोकन." व्हायरसबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी दारातून दिसणाऱ्या कापसाच्या गाडीकडे बोट दाखवलं. "बोंड बाहेरून हिरवंगार असते. फोडल्यावर समजते आत कोन बसलं हाय ते." आणि फसवणुकीच्या लिंकबद्दल जे सांगितलं ते अजून कधीकधी रानातून येताना आठवतं. शिकारी पिंजऱ्यात पाळलेला तितर ठेवतो. तो ओरडतो. रानातल्या तितराला वाटतं आपलंच कोणी बोलावतंय, आणि तो जाळ्यापाशी चालत येतो. "आवाज खरा असते, शोभाताई," ते म्हणाले, "तितरही खरा असते. बोलवणारा मातर दुसराच असते, झाडामागं."

हे मी ऐकलं, मान हलवली, आणि तरीही फसले.

मी फसले त्या वर्षी बोंडअळीनं कापूस आतून पोखरला होता. फवारणी करताना विष अंगात जाऊन माणसं दवाखान्यात पडत होती. आमच्या तांड्यावरची धानीबाई, तिचा मुलगा फवारणीहून आला आणि त्याला दिसेनासं झालं. यवतमाळच्या दवाखान्यात नेला. मी रोज याद्या करत होते : कोणाला चक्कर, कोणाला उलट्या, कोण परतलं. अशात एका सकाळी फोन आला. बाई बोलत होती. शांत, थकलेला आवाज, जसा त्या दिवसांत आम्हा सगळ्यांचाच होता. "तालुक्याच्या कार्यालयातून बोलते. फवारणीबाधितांची तुमची यादी उघडत नाहीये, ताई. तुमच्या फोनवर सहा आकडे आले असतील, ते सांगा, म्हणजे नावं सुटणार नाहीत." धानीबाईच्या मुलाचं नाव सुटेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी आकडे सांगितले. पलीकडची बाई म्हणाली, "धन्यवाद, काळजी घ्या," आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं मेसेजचं अ‍ॅप उघडलं तर ते मला ओळखेना. नंबर टाका म्हणालं, टाकला, तर आणखी एक वेगळा पिन मागायला लागलं. मला वाटलं नेटवर्क असेल. मी भाकरी थापायला बसले. दुपारी शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. आत येईना. माझ्याकडे बघे, हातातल्या फोनकडे बघे. म्हणाली, "ताई, तू इथं भाकरी करून राह्यली ना?"

"हो. काहून?"

"मग मले आधारचा फोटो कोन मांगून राह्यलं?"

तिनं फोन पुढे केला. माझा फोटो, माझं नाव. 'माय, आधारकार्डाचा फोटो पाठव, यादीत नाव टाकायचं हाय.' आणि मी बघत असतानाच, पिठाचे हात तसेच असताना, खाली नवी ओळ उमटली. 'पाठवला का?'

मी तशीच उठले आणि नेरची गाडी धरली. रऊफभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आपला फोन काढला आणि 'मला' मेसेज केला. मी त्यांच्या खांद्यामागून वाचत होते. त्यांनी लिहिलं, 'शोभाताई, काय चाललं?' उत्तर आलं, 'काही नाही भाऊ, यादीचं काम.' त्यांनी विचारलं, 'आज भाजी काय केली?' थोडा वेळ वर 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं. मग आलं, 'वांग्याची.'

मी घरी वांग्याचीच भाजी करून आले होते.

मी म्हटलं, "रऊफभाई, त्याले कसं माहीत?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "वऱ्हाडात आज अर्ध्या घरी वांगंच शिजलं असंन, ताई. अंदाज हाय तो. घाबरू नको." पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. मग त्यांनी तांड्याच्या बोलीत एक साधा प्रश्न लिहिला. आमच्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करता करता दोन-चार वाक्यं त्यांना येऊ लागली होती. मग माझा फोटो त्यांच्या फोनवरून नाहीसा झाला. त्यानं त्यांना ब्लॉक केलं होतं. "बोली नाही येत त्याले," रऊफभाई म्हणाले. "बस, इथंच पकडला गेला."

पकडला गेला म्हणजे कळलं एवढंच. पलीकडच्यानं माझ्या खात्याला आतून स्वतःची कडी घातली होती, तो पिन आम्हाला माहीत नव्हता, आणि तो काढून नंबर पुन्हा माझ्या हाती यायला आठवडा लागणार होता. "तोवर काय करू?" मी विचारलं. रऊफभाईंनी शटर ओढलं. "तोवर पायी," म्हणाले. त्यांनी आपली जुनी स्कूटर काढली, मी गाडीनं आले, आणि दोन दिवस आम्ही तांड्यावर आणि शेजारच्या दोन गावांत घरोघर फिरलो. मी दारात उभी राहायची आणि सांगायची, "जे तुमच्याशी बोलून राह्यलं ते मी नाही." किती विचित्र वाक्य आहे हे! आपल्याच तोंडानं आपल्याबद्दल. काही बाया हसल्या, काही जणी नुसत्या बघत राहिल्या. दोघींनी फोटो पाठवले होते, त्यांची कार्डं रऊफभाईंनी कॉम्प्युटरवरून बंद करून दिली, पुन्हा त्यांच्याच अंगठ्यावर उघडतील अशी.

धानीबाईकडे सगळ्यात शेवटी गेलो. तिला लिहिता येत नाही. ती बोलून मेसेज पाठवते. तिनं 'माझ्याशी' तासभर बोलून घेतलं होतं. मुलाच्या डोळ्यांचं, दवाखान्यातल्या फरशीवर झोपण्याचं, त्यानं आईचा चेहरा हातानं चाचपला त्याचं. आणि पलीकडून लिहून आलेलं तिनं नातीकडून वाचून घेतलं होतं : 'रडू नको माय. येईल त्याची नजर.' रऊफभाईंनी तिला तिच्या अंगणात बसून सगळं समजावलं, तितराचंही सांगितलं. तिनं ऐकलं. मग विचारलं, "मग ज्यानं माहं ऐकलं, ते कोन होतं?"

रऊफभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. परत येताना रस्त्यावर म्हणाले, "चोर काही घेऊन गेला तं हिशेब लागते, ताई. हा त्या माऊलीचं रडणं घेऊन गेला. याले काय म्हनावं?" मुलाची नजर पुढे परत आली, पूर्ण नाही, पण चालण्याफिरण्यापुरती. धानीबाई मात्र त्यानंतर फोनवर फारसं बोलली नाही.

त्यानंतर दीड-दोन वर्षं माझा रोजचा रिवाज झाला. कोणताही संशयाचा मेसेज आला की मी तो रऊफभाईंना पाठवायची आणि विचारायची, 'खरा की खोटा?' ते उत्तर द्यायचे. कधी एका शब्दात, कधी दोन दिवसांनी, पण द्यायचे. म्हणून तर मेसेज निळे होऊनही उत्तर येत नाही याचा मला राग आला. तिसऱ्या दिवशी मी नेरला गेले ती त्यांच्याशी भांडायला. पिशवीत हरभऱ्याची कोवळी भाजी होती, त्यांच्या बायकोला, मुमताजभाभींना, आवडते म्हणून.

शटर बंद होतं. बाजूच्या बोळातून घराचं दार लागतं, तिथं चपलांचा ढीग पडला होता. आतून पठणाचा आवाज येत होता. मी त्या चपलांकडे बघत उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग एक तरुण बाई बाहेर आली. "तुम्ही शोभाताई ना? मी शाहीन, त्यांची मुलगी. राजूरला असते. मेसेज मीच केला होता." तिनं मला हाताला धरून आत नेलं.

भाभी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला पाहिल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला, इतका की बांगडी रुतली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शोभा, अंदर कोई है."

अंदर म्हणजे दुकानाच्या खोलीत. रऊफभाई दुपारी तिथंच खुर्चीत कलंडले होते. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, कोणीतरी शटर ओढून घेतलं, घरातून त्या खोलीत जायच्या दाराला कडी घातली गेली. त्यानंतर ते दार कोणी उघडलं नव्हतं. आणि त्या बंद खोलीतून, भाभी सांगत होत्या, घूं असा आवाज सतत येत होता, आणि मधूनच... टुंग. जसं कोणी आत बसून काम करत असावं. पहिल्यांदा आला तो ते गेले त्याच संध्याकाळी. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, जनाजा निघायच्या जरा आधी. "आज भी आई. फजर के बाद." शाहीननं मान खाली घातली. "मी तर फोनवर बघितलं," ती म्हणाली, "अब्बू ऑनलाइन. तीन दिवस झाले... मी कोणाला सांगितलं नाही."

संध्याकाळी, सकाळी, आज पहाटे गाडी धरायच्या आधी... ते तिन्ही वेळा माझे मेसेज होते.

पठण संपून माणसं गेल्यावर आम्ही तिघी त्या दारापाशी उभ्या राहिलो. कडी शाहीननं काढली. खोलीत अंधार, शटरच्या फटीतून उन्हाची एक रेघ, आणि कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला. त्याचा निळसर उजेड रिकाम्या खुर्चीवर पडला होता. कीबोर्डच्या कडेला चष्मा. पडद्यावर माझा फोटो होता, आणि खाली एकाखाली एक माझे मेसेज. 'तुम्ही बरे आहात ना?' 'काहून नाही बोलत?' 'येते मी आज.'

फोन ते कॉम्प्युटरला जोडून ठेवत, मोठ्या पडद्यावर मेसेज वाचायला सोपे जातात म्हणून. फोन खणात चार्जिंगला लावलेला होता. फॉर्म भरताना मधेच पडदा झोपतो म्हणून कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायची सोय त्यांनी काढून टाकली होती, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर होता. शेवटी उघडलेली खिडकी माझी होती. ती उघडी राहिली, म्हणून तिच्यात जे येईल ते वाचलेलं ठरत गेलं. मी हे भाभींना जमेल तसं समजावलं. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तो पढ़ा किसने?"

"कोणीच नाही, भाभी."

"कोई नहीं..." त्यांनी तो शब्द जिभेवर फिरवून पाहिल्यासारखा पुन्हा म्हटला.

मग मला खालची ओळ दिसली. ते गेले त्या सकाळी मी त्यांना एक लिंक पाठवली होती, नव्या प्रशिक्षणाची यादी म्हणून आलेली, आणि विचारलं होतं, 'खरी की खोटी?' त्याचं उत्तर ते लिहीत होते. लिहायच्या चौकटीत, न पाठवलेलं, तसंच पडलं होतं : 'थांब. हात नको लावू. मी'

'मी'च्या पुढे ती उभी रेघ लुकलुकत होती. दिसे, नाहीशी होई, पुन्हा दिसे.

त्या दिवशी काहीच बंद केलं नाही. भाभींनीच बंद करू दिलं नाही. तांड्यावर परतले आणि ग्रुपवर लिहिलं की रऊफभाई खरंच गेले, चूक माझी होती. एकीनं उत्तर दिलं, 'ताई, हे तूच बोलून राह्यली ना?' दुसरीनं विचारलं, 'का पुन्हा कोनी तुह्या नावानं?' तेव्हा फोन ठेवून पुन्हा घरोघर गेले. जी चार-पाच माणसं माझ्यामुळे मातीला जायची राहिली, त्यांच्यापुढे उभं राहणं सगळ्यात जड गेलं. त्यांच्यातला एक म्हातारा एवढंच म्हणाला, "त्यानं माहा रेडिओ तीनदा सुधरवला होता." आणि घरात निघून गेला.

पुढचे काही आठवडे रऊफभाई ऑनलाइनच होते. का, ते मला नीट ठाऊक होतं. वायर कुठून कुठं गेली तेही पाहून आले होते. तरी दिवसातून कितीदा तरी त्यांचं नाव उघडायची आणि ते बघायची. मेसेज करत नव्हते, तिकडे टुंग वाजेल म्हणून. एकदाच राहवलं नाही. दुपारी एकटी होते, 'भाई' एवढंच लिहिलं. निळं झालं. पुढे भाभी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "उस दिन दोपहर को आवाज आई थी. मैं रोटी बना रही थी. मेरे मुँह से निकल गया... जी."

मग एक दिवस शाहीनचा फोन आला. आवाज दबलेला. "ताई, अब्बूच्या फोनवर ओटीपी आला. आम्ही कोणी मागितला नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "आत्ता दुसरा आला."

म्हणजे कुठंतरी, कोणीतरी, त्यांच्या नावाचं दार ढकलून बघत होतं. मेलेल्या माणसाचा नंबर चालू आहे, खाती उघडी आहेत, आणि विचारायला कोणी नाही... आठवड्याभरात त्यांचा फोटो लावून कोणीतरी शेकडो लोकांना 'काय चाललं?' विचारलं असतं, आणि त्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं, कारण रऊफभाईंवर कोण संशय घेणार! मी दुसऱ्या दिवशी सकाळीच नेरला पोचले.

फोन उघडायचाच प्रश्न होता. नऊ ठिपक्यांवर बोट फिरवून तो उघडत असे, आणि ती रेघ रऊफभाईंनी मुलीलाही सांगितलेली नव्हती. भाभींनी फोन घेतला, पडद्याकडे न बघता अंगठा फिरवला, आणि तो उघडला. आम्ही दोघी बघतच राहिलो. "मुझे पढ़ना नहीं आता," त्या म्हणाल्या, "इसलिए मुझे उँगली से सिखाया था. बोले थे, घर में किसी एक को पता होना चाहिए."

एक माणूस बंद करायला आम्हाला अख्खी दुपार लागली. आधी शाहीननं घरचे फोटो वेगळे काढून ठेवले. मग बँक, गॅस, विजेचं बिल, दुकानाचा ईमेल, फॉर्म भरायची दहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाण विचारी : तुम्हीच शेख रऊफ आहात का? आणि खात्री म्हणून त्यांच्याच फोनवर सहा आकडे पाठवी. ते शाहीन मोठ्यानं वाचून दाखवी आणि मी टाइप करी. पहिल्यांदा वाचताना तिचा आवाज आपोआप खाली आला, आणि मी मान दुसरीकडे वळवली. त्या खोलीत बसून कोणाचा ओटीपी मोठ्यानं वाचणं... आम्हा दोघींनाही चोरी करत असल्यासारखं वाटत होतं.

शेवटी ती मेसेजची खिडकी उरली. शाहीननं खालच्या अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हे पाठवू का? तुम्हाला मिळेल. त्यांच्याकडून." बटण तिथंच होतं. एकदा दाबलं की माझ्या पिशवीतला फोन वाजला असता आणि त्यावर रऊफभाईंचं नाव आलं असतं. खोटं कशाला सांगू, हवं होतं मला ते. पण मग ते आम्ही बोललो असतो, त्यांच्या नावानं. मी नको म्हटलं. ती ओळ मी वहीत उतरवून घेतली, जशी होती तशी.

लॉग आउट भाभींनी केलं. "इसके बाद नहीं दिखेंगे?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मला माऊस धरायला लावला, माझ्या हातावर आपला हात ठेवला, आणि बोट त्यांनीच दाबलं. माझा फोटो गेला, मेसेज गेले. मग कॉम्प्युटर बंद केला. आतला पंखा हळूहळू थांबत गेला, आणि इतके दिवस भिंतीपलीकडून येणारा तो घूं आवाज गेला. भाभी कान देऊन ऐकत होत्या. काहीच येत नव्हतं.

आम्ही उठणार तेवढ्यात बोळातल्या दारातून एक बाई आत आली. कुठल्याशा खेड्यावरची, मी ओळखत नव्हते. फोन पदरात गुंडाळलेला, चेहरा उतरलेला. "रऊफभाई हायेत का? एक मेसेज आला. पोराले पोलिसांनं धरलं म्हनते, आकडे सांगा म्हनते..." कोणीच तिला काही सांगितलेलं नव्हतं. भाभी म्हणाल्या, "वो तो गुजर गए, बहन." बाई जायला वळली.

"रुको," भाभी म्हणाल्या. त्या उठल्या, माठातलं पाणी आणलं, बाईला खुर्चीत बसवलं. "पहले पानी पियो. पूरा पियो." रऊफभाई प्रत्येकाला आधी पाणी देत, फोन नंतर बघत. घाबरलेला माणूस समोर दिसेल ते दाबतो, असं ते म्हणत. मला वाटायचं, भाभी आतल्या दाराच्या पडद्यामागे स्वयंपाकच करत असतात. बाईनं पाणी संपवल्यावर भाभींनी विचारलं, "बेटे को फोन किया? उसी के नंबर पे?" बाईनं मान हलवली, नाही. "तो अभी लगाओ. सामने."

बाईनं लावला. दोन रिंगांत पलीकडून पोराचा आवाज आला, शेतात असल्यासारखा, वैतागलेला, "काय वं माय?" बाई रडायला लागली. भाभींनी तिच्या हातातला फोन घेतला, माझ्यापुढे धरला.

"शोभा, वो मैसेज पढ़ो. जोर से," त्या म्हणाल्या. "मुझे भी सुनना है, क्या लिखता है."